ठाण्यातल्या गॅरेजचं 'स्नो पॅकेज': थंडीचे पैसे द्या, बर्फाचे देऊ नका

दिवाळी आटोपली की ठाणे-नवी मुंबईतल्या बाइक गॅरेजांच्या फलकांवर 'विंटर स्पिती', 'स्नो रेडी' असले शब्द दिसायला लागतात. वागळे इस्टेटमधल्या अशाच एका गॅरेजच्या पॅकेजचा हा हिशेब. दोन गाड्यांवर काम करून घेतलं: एक रॉयल एनफील्डची हिमालयन 411, हवेवर थंड होणारी, आणि एक केटीएम 390 ॲडव्हेंचर, कूलंटवाली, म्हणजे द्रवाने इंजिन थंड ठेवणारी. गॅरेजचं नाव मुद्दाम देत नाही. यातल्या बहुतेक चुका त्या एकाच दुकानाच्या नाहीत, आपल्या हवेच्या आहेत. इथे ऐन जानेवारीत पहाटे पारा पंधरा-सोळावर आला की कानटोप्या निघतात. मेकॅनिकने केलेलं काम उणे पंधरात टिकेल की नाही, हे गाडी हिमाचलातल्या किन्नौरला पोचेपर्यंत ना त्याला कळतं ना गाडीवाल्याला.

दर असे: तपासणी आणि मजुरी 3,200, ऑइल, कूलंट आणि ब्रेक फ्लुइड छापील किमतीला, गरम ग्रिप (हँडलच्या विजेवर तापणाऱ्या मुठी) बसवून 3,500, बर्फात मागच्या टायरला गुंडाळायची साखळी 2,200 आणि टायरला स्क्रू मारून हवे असतील तर आणखी 1,500. काउंटरवर सांगतात, "साखळी लावली की बर्फात बिनधास्त." हे वाक्य सोडलं तर पॅकेज वाईट नाही. या वाक्याकडे शेवटी येऊ, आधी गाडीचं काम.

ऑइलचं काम नीट झालं. हिमालयन 411 ला कंपनीचं 15डब्ल्यू-50 लागतं, तेच घातलं. हे सांगायचं कारण म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून 20डब्ल्यू-50 घालायची सवय अनेक गॅरेजांना आहे. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा म्हणजे थंडीतली परीक्षा. स्टार्टरने इंजिन फिरेल इतकं ऑइल पातळ राहतं का, हे 20डब्ल्यूसाठी उणे 15 ला तपासतात, 15डब्ल्यूसाठी उणे 20 ला आणि 10डब्ल्यूसाठी उणे 25 ला. स्पितीतल्या काझाला जानेवारीत रात्री पारा उणे 20 च्या खालीही उतरतो, म्हणजे 20डब्ल्यू तिथे हद्दीबाहेर गेलं. खात्री करायची तर घरचा फ्रीजर पुरे, तो साधारण उणे 18 ला चालतो. औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्यांत दोन ऑइलं शंभर-शंभर मिली भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी एकदम आडव्या करा. 20डब्ल्यू-50 जुन्या काकवीसारखं काचेला धरून बसतं, 10डब्ल्यू-40 सावकाश का होईना पण सरकतं. सुरू केल्यावर पहिल्या काही सेकंदांत इंजिनच्या वरच्या भागात काय पोचतं आणि काय पोचत नाही, ते यातून डोळ्यांनी दिसतं. मात्र म्हणून पुस्तिका सोडून मनानेच 10डब्ल्यू घालू नका. ठाणे ते चंदीगड हे 1,650 किलोमीटर त्याच ऑइलवर गरम हवेत कापायचे असतात.

कूलंटमध्ये मात्र गॅरेज घसरलं. 390 च्या जॉब कार्डवर 'कूलंट टॉप-अप' लिहिलं होतं आणि कूलंटच्या टाकीत ओतलं ते साधं पाणी. मुंबईच्या हवेत याने काही बिघडत नाही, म्हणून तर ती सवय लागते. कूलंट आणि पाणी अर्धं-अर्धं असेल तर ते उणे 37 च्या आसपास गोठतं. पाणी वाढत जाऊन कूलंटचा वाटा एक तृतीयांशावर आला की हाच आकडा उणे 17-18 वर येतो. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं आणि ती जागा रेडिएटरच्या नळ्यांतून किंवा पंपाच्या आवरणातून काढून घेतं. हिरवा किंवा निळा रंग बघून काही कळत नाही, थोडंसं कूलंटही भरपूर पाणी रंगवतं. इथेही फ्रीजर कामाला येतो: टाकीतलं दोन चमचे द्रव लहान डबीत काढून, डबीवर मोठ्या अक्षरात 'विष' लिहून रात्रभर ठेवा. सकाळी बर्फाचा चुरा दिसला तर पूर्ण काढून नवीन भरायला लावा. तक्रार केल्यावर गॅरेजने मजुरी न घेता काम पुन्हा केलं, हे त्यांच्या बाजूने लिहायला हवं. हिमालयन 450 वाल्यांनाही हेच लागू आहे, तीही कूलंटची गाडी.

केबलचं काम या पॅकेजमधलं सगळ्यात चांगलं. आपल्या चार महिन्यांच्या पावसात क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबलमध्ये पाणी शिरतं आणि तिथेच राहतं. ठाण्यात त्याने फार तर गंज धरतो. उणे तापमानात तेच पाणी गोठतं आणि ॲक्सिलरेटर पिळलेल्या जागीच अडकतो. वळणाच्या तोंडाशी असं झालं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. इथे केबलचं वरचं टोक सोडवून क्लॅम्प लावला आणि खालच्या टोकातून काळं पाणी थांबून स्वच्छ तेल येईपर्यंत स्प्रे सोडला. घट्ट ग्रीस भरलं नाही, हे बरोबर, कारण साधं ग्रीस थंडीत आखडतं आणि क्लच जड होतो. 390 ला ॲक्सिलरेटरची केबल नाही, ते काम वायरवर चालतं, त्यामुळे तिथे फक्त क्लचची केबल पाहायची. जुनी केबल चार-पाच वर्षांची असेल तर तेल पाजत बसण्यापेक्षा नवीन टाका आणि जुनी सामानात ठेवा.

बॅटरी तपासली म्हणजे मीटर लावला, 12.6 व्होल्ट आले, टिकमार्क केला. एवढं पुरत नाही. सेल मारताना व्होल्टेज कुठवर पडतं ते पाहायला हवं. ठाण्याच्या 28 अंशांत सेल मारताना ते 10 च्या खाली जात असेल, तर ती बॅटरी डोंगरात दगा देणार. लेड-ॲसिड बॅटरीची ताकद शून्याला साधारण वीस टक्के कमी होते आणि उणे 18 ला निम्म्याहून जास्त. त्यात ऑइल घट्ट, म्हणजे स्टार्टरला काम जास्त. दोन्हीकडून मार. काही जण वजन वाचवायला लिथियमची बॅटरी टाकतात. तिचा प्रश्न वेगळा आहे. शून्याखाली ती चार्ज करून घ्यायला नको असते आणि गाडी सुरू झाली की चार्जिंग तर सुरू होतंच.

याच बॅटरीवर गरम ग्रिप बसवले आणि ते बसवताना जे केलं ते परत उघडावं लागलं. ग्रिपची वायर फ्यूज घालून थेट बॅटरीला, बटण हँडलवर. किल्ली काढली तरी ग्रिप चालूच. असे ग्रिप 3 ते 4 अँपिअर ओढतात आणि हिमालयनची बॅटरी 8 अँपिअर-तासांची. रात्री बटण बंद करायचं राहिलं तर जेवण होईपर्यंत बॅटरी आडवी. ती नुसती बसत नाही, उतरलेल्या बॅटरीतलं ॲसिड पाण्यासारखं पातळ होतं आणि उणे सात-आठलाही गोठू शकतं. मग ती चार्ज करून उपयोग नसतो. भरलेली बॅटरी याच थंडीत सुखरूप असते. बरोबर पद्धत अशी: बॅटरीपासून 5 अँपिअरचा फ्यूज, मग रिले (लहानशा विजेच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच), आणि रिलेला इशारा टेल लॅम्पच्या वायरवरून. किल्ली काढली की ग्रिप बंद. रिले दोनशे रुपयांच्या आत येतो, काम तासाभराचं.

ग्रिप बसवल्यावर आणखी एक गोष्ट स्वतः पाहून घ्या. उजव्या ग्रिपमधून निघणारी वायर आखूड बांधली असेल, तर हँडल पूर्ण डावीकडे वळवल्यावर ती ॲक्सिलरेटर ओढून धरते. इंजिन बंद ठेवा, हँडल दोन्ही टोकांना न्या, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून सोडा. टक् करून परत आलाच पाहिजे. सावकाश येत असेल तर वायर सोडवून पुन्हा बांधायला सांगा. शेवटी हेडलाइट, ग्रिप, जादा दिवे, मोबाइलचा चार्जर सगळं चालू करून तीन हजार आरपीएमला मीटर लावा. बॅटरीच्या टोकांवर 13.2 च्या वर राहिलं तर ठीक. त्याखाली गेलं, की चार्जिंगपेक्षा खर्च जास्त. काहीतरी काढावं लागेल, आणि काढायचेच तर जादा दिवे काढा.

खरं सांगायचं तर 3,500 च्या ग्रिपआधी हँडलवर चढवायचे, हात आत घालायचे मफ घ्यायला हवेत. ग्रिप तळहात तापवतो, वारा मात्र बोटांच्या वरच्या बाजूला लागतो. उणे 10 ला ताशी 50 ने गेलं तर उघड्या कातडीला ते उणे 22 सारखं लागतं. शून्याला 40 ने गेलं तरी उणे सातसारखं. वारा अडवला नाही तर ग्रिपची ऊब त्याच वाऱ्यात जाते. रेक्झिनचे, आतून लोकरी मफ हजाराच्या आत मिळतात, दिसायला रिक्षाच्या पडद्यासारखे असतात, पण पातळ हातमोज्यांतही बोटं जिवंत ठेवतात. बोटं जिवंत असली तरच ब्रेकचा अंदाज येतो. गॅरेज मफ ठेवत नाही, विचारल्यावर "ते स्कूटरवाले लावतात" असं उत्तर मिळालं. हसू आलं तरी हा पॅकेजमधला मोठा खड्डा आहे.

ब्रेक फ्लुइड बदललं, डॉट 4, दोन्हीकडे हवा काढून. ठीक. हे फ्लुइड हवेतला ओलावा ओढतं, आपल्याकडे जास्तच, त्यामुळे दोन वर्षं उलटली असतील तर बदलायचंच.

आता हवेचा दाब. डिलिव्हरीला हिमालयनच्या मागच्या टायरमध्ये 40 पीएसआय होते, कंपनी एकट्या स्वाराला 32 सांगते. विचारल्यावर उत्तर आलं, "थंडीत हवा कमी होते, म्हणून जास्त भरलीय." अर्धं बरोबर आहे म्हणून हे जास्त फसवं. ठाण्यात 30 अंशांत 32 भरले आणि टायर उणे 10 पर्यंत गार झाला, तर समुद्रसपाटीवर काटा 26 च्या आसपास दाखवेल, सहा कमी. पण उणे 10 ची जागा समुद्रसपाटीवर नाही. साडेतीन-पावणेचार हजार मीटरवर बाहेरच्या हवेचा दाबच साधारण पाच पीएसआयने घटलेला असतो आणि काटा आत-बाहेरचा फरक मोजतो. म्हणून काझाला तोच टायर पुन्हा 31 च्या जवळ दिसतो. थंडीने नेलं ते उंचीने जवळपास परत दिलं. 40 भरून गेलेला माणूस तिथे 38 च्या टणक टायरवर असतो, आणि टणक टायर म्हणजे जमिनीला टेकणारा रबर कमी. इथून कंपनीच्या आकड्यावरच निघा, खिशात काटा ठेवा आणि रोज सकाळी गार टायरवर मोजा. भुसभुशीत बर्फावर चार-पाच पीएसआय कमी केले तर चालतात, पण ट्यूबच्या चाकात 20 च्या खाली जाऊ नका. टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून तुटतो.

साखळी. मिळते ती जांभळी नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातली 6 मिमीची लोखंडी साखळी, तुकडे कापून, बोल्टने जोडलेली. कल्पना वाईट नाही. 120/90-17 च्या टायरला एक वेढा घ्यायला, रिमसकट, हातभर किंवा थोडी जास्त, म्हणजे 45-50 सेंमी साखळी लागते. आरीच्या चाकात असे दहा वेढे बसतात, एकूण जवळपास पाच मीटर, वजन चार किलोच्या घरात. गॅरेजने सहाच वेढे दिले. दोन वेढ्यांमध्ये टायरचा परीघ 34 सेंमी उघडा राहतो आणि तेवढ्यात चाक घसरतं, मग पुढच्या वेढ्यावर हिसका बसतो. दहा वेढ्यांना हे अंतर 20 सेंमीवर येतं.

अडचण जागेची आहे. साखळी बांधल्यावर मधल्या स्टँडवर चाक हाताने दहा वेळा फिरवा. ड्राइव्ह चेनच्या बाजूला, स्विंग आर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) आतल्या अंगाला आणि ब्रेक कॅलिपरजवळ निदान बोटभर जागा हवी, कारण वेगात साखळी बाहेर फेकली जाते. बोल्टचं टोक बाहेरच्या बाजूला आलं पाहिजे, आत नाही. आरीच्या चाकाला ट्यूब असते, आणि बोल्टचं टोक जिथे घासतं तिथून हवा जाते. ड्राइव्ह चेन ढिली असेल तर आधी ती ताणा. पुढच्या चाकाला साखळी बांधूच नका, खालचं मडगार्ड चाकाला लगटून असलेल्या गाड्यांत तर नुसता बर्फ भरूनही चाक अडतं. साखळी लावून वेग 20-25 च्या वर नाही, आणि डांबर लागलं की उतरवायची. डांबरावर लोखंड घसरतं आणि टायरही कापतं. काढायला-घालायला सराव असेल तरी पंधरा-वीस मिनिटं जातात, तीही हातमोजे काढून. येऊरच्या पायथ्याशी गाडी लावून दोनदा सराव करा. तिथे घाम येईल, बोटं आखडणार नाहीत, तरी काम किती किचकट आहे ते कळेल.

स्क्रूच्या टायरचे 1,500 देऊ नका. पत्र्याचे स्क्रू वॉशर लावून टायरच्या गोट्यांत, म्हणजे नक्षीतल्या उंचवट्यांत, मारतात. स्क्रूची लांबी गोट्याच्या उंचीपेक्षा जास्त झाली की टोक आत जाऊन ट्यूबला लागतं, आणि ते इथे कळत नाही, शंभर किलोमीटरवर कळतं. बर्फासाठी बनवलेले कार्बाइडचे खिळे वेगळे असतात, बर्फाच्या शर्यतींत ते चालतात. पण इथून निघालेल्या माणसाचा बहुतेक रस्ता कोरडं डांबर. त्यावर खिळ्यांचा टायर ब्रेकला धरत नाही.

आता ते 'बिनधास्त'. कोरड्या डांबरावर ताशी 30 वरून नीट ब्रेक लावला तर गाडी पाचेक मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर अठराच्या आसपास. रस्त्यावर पाणी गोठून काचेसारखा थर बसतो, ज्याला ब्लॅक आइस म्हणतात, त्यावर पस्तीस. चारचाकीवाल्यालाही हेच अंतर लागतं, पण त्याची गाडी घसरली तरी उभी राहते. वळताना गाडी कलते, आणि ब्लॅक आइसवर टायर फार तर सहा अंशांचा कल सोसतो. साइड स्टँडवर उभी केलेली गाडी याहून जास्त कललेली असते. ते पार्किंगमध्ये एकदा डोळे भरून बघा, म्हणजे काउंटरवरच्या वाक्याची किंमत कळेल. पावसाळ्यात घोडबंदरला गायमुखचा घाट उतरलेले हात इथे कामाला येत नाहीत. ओलं डांबर कोरड्यापेक्षा निसरडं असतं, पण ते धरतं.

मागच्या चाकाची साखळी चढ चढवते. पुढचं चाक तसंच राहतं, आणि वळवतं तेच, ब्रेकचा मोठा भारही त्याच्यावर. म्हणजे साखळीचा उपयोग अडकलेली गाडी पाय टेकत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, ताशी दहाने पाचशे मीटर पुढच्या गावापर्यंत नेण्यापुरता. प्रवास करण्यासाठी नाही. एवढं सांगून विकली तर 2,200 वसूल आहेत.

मग हिवाळ्यात जायचंच नाही का? जा, पण रस्ता निवडून. शिमला, किन्नौरवरून स्पितीला जाणारा रस्ता हिवाळ्यातही बहुतेक काळ उघडा ठेवतात. बर्फ पडला की साफ करून पुन्हा सुरू करतात. तिथे गाडीला छळते ती कोरडी थंडी, आणि तेवढी तयारी हे पॅकेज, वरच्या दुरुस्त्या केल्यावर, देऊ शकतं. नारकंड्याच्या पट्ट्यात देवदारांच्या सावलीतली वळणं सकाळी दहा-साडेदहापर्यंत गोठलेली असतात, ती ऊन चढल्यावरच घ्यायची आणि दुपारी चारच्या आत मुक्काम गाठायचा. मनालीची बाजू वेगळी. मनालीहून लाहौलला नेणारा अटल बोगदा 3 ऑक्टोबर 2020 ला सुरू झाल्यापासून लाहौल बाराही महिने जवळ वाटायला लागलं. पण 9 किलोमीटर कोरड्या बोगद्यातून बाहेर पडलं की दुसऱ्या तोंडाशी एकदम बर्फ असू शकतो. बर्फ पडल्यावर तिथे दुचाकी अडवतात. अडवलं तर पोलिसांशी वाद घालू नका, गाडी हॉटेलला लावा. ताजा बर्फ पडत असेल तर कोणत्याही बाजूला निघायचं नाही. रस्ता साफ झाल्यावरही एक दिवस जाऊ द्या, कारण साफ केलेल्या रस्त्यावर दुपारी वितळलेलं पाणी रात्री गोठतं आणि पहिली सकाळ सगळ्यात वाईट असते.

गॅरेजच्या वागण्याबद्दल थोडं: गाड्या सांगितलेल्या दिवशी मिळाल्या, जुने भाग पिशवीत घालून परत दिले, बिलात छुपं काही नव्हतं. फोरमन ऐकून घेतो आणि रिलेचं काम त्याने न कुरकुरता केलं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यानंतर मात्र गर्दी होते आणि घाईत जॉब कार्डवर नुसते टिकमार्क पडतात, तेव्हा नोव्हेंबरात जा. पाचपैकी साडेतीन.

पॅकेज फोडून देतात, पण विचारावं लागतं. मागायचं ते असं: ऑइल, केबल, ब्रेक फ्लुइड, कूलंट पूर्ण काढून नवीन, सेल मारताना बॅटरीची तपासणी, ग्रिप हवेच असतील तर रिलेसकट आणि दहा वेढ्यांची साखळी सुट्टी, बोल्ट न कसता. गाडी रेल्वेने चंदीगडला पाठवणार असाल तर साखळी गाडीला बांधून देऊ नका, सामानात ठेवा. पेट्रोलची टाकीही गाडी पार्सलला देण्याआधीच रिकामी करावी लागते, म्हणून वागळेहून निघताना ती भरून घेऊ नका.